करवत धरणाऱ्या हातांविषयी: ठाण्याच्या वृक्ष प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका,
तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण,
पाचपाखाडी, ठाणे

विषय: झाडांची छाटणी व तोड करणाऱ्या कामगारांच्या कौशल्यास मान्यता मिळण्याबाबत

सन्माननीय आयुक्त,

शहरांतील झाडांसाठी राज्यात जो कायदा लागू आहे, तो ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या नावाने ओळखला जातो आणि त्यानुसार स्थापन झालेल्या वृक्ष प्राधिकरणाचे, म्हणजे झाड तोडू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या वैधानिक समितीचे, अध्यक्षपद महानगरपालिकेच्या आयुक्तांकडे असते. या कायद्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेची व्याप्ती सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरीच मोठी ठेवलेली आहे. झाड बुंध्यातून आडवे करण्याबरोबरच ते जाळणे, कापणे किंवा कोणत्याही रीतीने त्याला इजा पोहोचवणे हेही तिच्यात येते. ही व्याख्या गांभीर्याने घेतली, तर मे महिन्यात भर दिवसा चुकीच्या जागी चालवलेली करवत आणि रात्रीत परवानगीवाचून पाडलेले झाड ही एकाच कलमाखालची कृत्ये ठरतात. असे असूनही अर्ज, पाहणी, हरकती आणि भरपाईची लागवड यांचा तपशिलाने विचार करणारी ही व्यवस्था, परवानगी मिळाल्यानंतर करवत कोणाच्या हाती जाते, त्या हाताला काय येते आणि ते त्याने कोणाकडून शिकलेले असते, हे फारसे विचारत नाही. प्रस्तुत पत्र त्या प्रश्नाविषयी आहे.

खोपट हा ठाण्याचा जुना आणि दाट वस्तीचा भाग आहे. एसटीचे आगार, लालबहादूर शास्त्री मार्गावरची अखंड वाहतूक, जवळच कॅडबरी जंक्शनपाशी उभा राहिलेला मेट्रोचा मार्ग आणि जुनी घरे पाडून वर चढत जाणाऱ्या इमारती यांच्या फटींत जी झाडे टिकून आहेत, त्यांच्या मुळांना काँक्रीटने व गटारांनी आणि शेंड्यांना तारांनी घेरलेले असते. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या शहरात पावसाळ्यापूर्वी झाडे तपासणे आणि हलकी करणे आवश्यकच आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. एप्रिल-मे आला की छाटणीची टोळी येते: एक-दोघे वर चढणारे, एक-दोघे खाली दोर धरणारे, पडलेल्या फांद्या ओढून गाडीत भरणारे आणि या सर्वांवर एक मुकादम. या टोळीकडे शहर दोनच प्रकारे पाहते. तारा मोकळ्या झाल्या आणि गाडीवर फांदी पडण्याची भीती गेली, की त्या माणसांचे तोंडही कोणी पाहत नाही. आणि झाड बोडके झालेले दिसले, की तीच माणसे झाडांचे मारेकरी ठरतात. दोन्ही वेळा त्यांच्या कामात काही विद्या असू शकते, ही गोष्ट नजरेतून निसटते.

ती विद्या काय आहे, हे एका फांदीपासून सुरू करून सांगता येईल. फांदी खोडाला जिथे मिळते, तिथे सालीचा एक फुगीर घेर दिसतो आणि वृक्षतज्ज्ञ त्याला फांदीची ‘कॉलर’ म्हणतात. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो खोडे यांत्रिक करवतीने लांबीत चिरून जखमेनंतर झाडाच्या आत काय घडते ते पाहिले आणि १९७०च्या दशकात असे मांडले, की माणसाच्या कातडीप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती उभ्या करते, कुजका भाग कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. या भिंती उभ्या करण्याची उत्तम सोय कॉलरमध्ये असते. म्हणून फांदी कॉलरच्या अगदी बाहेरून कापावी लागते: खोडाला घासून कापली तर कॉलरच जाते आणि कूज सरळ खोडात शिरते, लांब खुंट ठेवून कापली तर तो खुंट वाळतो, कुजतो आणि वर्षानुवर्षे झाडाला झाकता येत नाही. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही शिगो यांच्याच कामातून स्पष्ट झाले. तरी तो रंग आपल्याकडे आजही काळजीची खूण समजून फासला जातो.

जड फांदी एकाच घावात वरून कापली, तर ती अर्धी कापली जाताच स्वतःच्या भाराने मोडते आणि खाली जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. ही सोलवट टाळण्यासाठी तीन काप घेतले जातात. पहिला काप खोडापासून हात-दीड हात लांब आणि खालच्या बाजूने, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदीचा भार उतरतो, आणि उरलेला खुंट काढणारा तिसरा काप कॉलरच्या बाहेर. पंधरा मिनिटांत शिकवता येईल अशी ही रीत आहे. परंतु ती अंगात मुरण्यासाठी अनेक हंगाम लागतात, कारण प्रत्येक जातीचे लाकूड वेगळे वागते. गुलमोहर ठिसूळ, त्याची फांदी अपेक्षेआधीच मोडते. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांचा भार टोकाकडे असतो. वड-पिंपळाला चीक, शिवाय त्यांची मुळे भिंतीत शिरलेली असल्याने फांदीबरोबर भिंतही हलू शकते. नारळाला तर फांदीच नाही, तिथे चढणाऱ्याचा सगळा भरवसा खोडाच्या खऱ्याखोट्या मजबुतीवर असतो.

या ज्ञानाच्या अभावी सर्वांत जास्त नुकसान कशाने होत असेल, तर शेंडाच उडवून टाकणाऱ्या छाटणीने. सगळा डेरा कापून खोडावर काही खुंट ठेवले, की झाड वरकरणी सुरक्षित दिसते, सोसायटीचे समाधान होते आणि गाडीही भरते. पण पाने हेच झाडाचे अन्न शिजवण्याचे स्थान असल्याने उपासमारीला उत्तर म्हणून ते झाड खुंटांवर भराभर दाट कोंब फोडते, हे कोंब लाकडाच्या बाहेरच्या थरातूनच फुटलेले असल्याने त्यांची पकड कच्ची असते, आणि काही वर्षांनी ते जाडजूड झाले की पहिल्या वादळात तेच आधी तुटतात. एका वर्षात डेऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक काढू नये, असा जगभरच्या वृक्षतज्ज्ञांचा साधारण संकेत आहे. त्याचप्रमाणे फक्त रस्त्याच्या बाजूच्या फांद्या काढल्या, तर झाडाचा तोल इमारतीकडे जातो. पावसाळ्यात पडणाऱ्या कित्येक झाडांच्या मुळाशी आदल्या वर्षांतली अशी ‘सुरक्षेची’ छाटणी, गटारासाठी तोडलेली मुळे किंवा बुंध्याला भिडवलेले काँक्रीट असते. बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात दिला होता, आणि त्यामागचे कारण प्रत्येक शहराला लागू पडणारे आहे.

कसबी माणूस झाडाजवळ आल्याबरोबर करवत सुरू करत नाही. तो आधी झाडाभोवती फिरतो. खोडाचा कल कुठे आहे, बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवल्या आहेत का, मुळांजवळची माती एका बाजूने उचलली गेली आहे का, वाळक्या फांद्या कुठे अडकल्या आहेत, मोहोळ कुठे आहे, घरटे कुठे आहे, तार कोणती चालू आणि कोणती बंद, हे तो पाहतो. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून आवाज ऐकतो, कारण भरीव लाकूड आणि पोकळ लाकूड वेगळे वाजते. छाटणीचा हंगाम आणि बगळे, ढोकरी, कावळे यांच्या विणीचा हंगाम एकमेकांवर येतात, तेव्हा घरट्यात पिल्ले असतील तर ती फांदी त्या आठवड्यात सोडून देणे हाही कामाचाच भाग ठरतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. एवढे सगळे पाहून झाल्यावर तो कधी कधी ‘हे झाड आज नको’ किंवा ‘हे माझ्याच्याने होणार नाही, मोठी शिडीगाडी मागवा’ असे म्हणतो. हातात यंत्र असताना, खाली मुकादम घाई करत असताना आणि रोजंदारी बुडण्याची शक्यता असताना असे म्हणणे ही या धंद्यातील नम्रतेची खरी कसोटी आहे. जो असे म्हणू शकत नाही त्याला झाड कळलेले नसते, मग त्याचा हात कितीही वेगाने चालो.

नम्रतेची ही गरज पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही तितकीच आहे. २०१७च्या जुलैत चेंबूर येथे नारळाचे एक झाड कोसळून पायी जाणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला, आणि ते झाड काढण्याची परवानगी आधी नाकारली गेली होती, हे त्यानंतर समोर आले. कोणा एकाला दोषी ठरवण्यासाठी हे उदाहरण येथे दिलेले नाही. उभ्या झाडाच्या आत काय चालले आहे हे बाहेरून ओळखणे जाणत्यांनाही अवघड जाते, आणि अशा वेळी खोडाला रोज हात लावणाऱ्या, त्यावर चढणाऱ्या माणसाचे निरीक्षण पाहणीच्या टिपणात यायला हवे, एवढाच त्याचा अर्थ. आज ते यावे अशी सोय नाही. अधिकारी खालून पाहतो, चढणारा वरून पाहतो, आणि दोघांची गाठ बहुधा पडतच नाही.

परस्पर आदराचा विचार या कामात सद्गुणाच्या पातळीवर न राहता थेट जिवाशी येतो. दाट वस्तीत झाड अखंड पाडता येत नाही, ते वरून तुकड्यातुकड्याने उतरवावे लागते. वर चढलेला माणूस फांदीला दोर बांधतो, तो दोर वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यातून खाली येतो, खालचा माणूस बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन त्याचे टोक धरतो, आणि फांदी सुटताच त्या वेढ्यांच्या घर्षणावर तिचा भार हळूहळू सोडतो. दोर एकदम आवळला तर धक्का वरच्या खोडाला आणि तिथे बांधून घेतलेल्या माणसाला बसतो. सैल सोडला तर फांदी भिंतीवर, तारेवर किंवा माणसावर जाते. वरच्याने हाक दिल्याशिवाय खाली कोणी फांदीखाली जायचे नाही आणि खालून उत्तर आल्याशिवाय वर काप पुरा करायचा नाही, हा नियम कोणत्याही पुस्तकातून आलेला नसून अपघातांनी शिकवलेला आहे. मोबदला मात्र चढणाऱ्याला जास्त आणि दोरवाल्याला कमी मिळतो, फांद्या ओढणाऱ्याला सर्वांत कमी. जाणती टोळी ही उतरंड कामापुरती विसरते. तिच्यातील सर्वांत नवखा पोरगाही ‘थांबा’ म्हणाला तर करवत थांबते. अशा टोळ्या आहेत, आणि त्यांची कदर होत नाही म्हणून त्या कमी होत आहेत, ही या शहराची मोठी हानी आहे.

वादळानंतरचे काम तर याहून कठीण असते. उभ्या झाडाचा भार कोणत्या दिशेला आहे हे निदान दिसते. उन्मळून दुसऱ्या झाडावर, भिंतीवर किंवा गाडीवर रेललेल्या झाडात मात्र लाकडाची एक बाजू ताणलेली आणि दुसरी दाबलेली असते, आणि ताणलेल्या बाजूने घाईत काप घेतला तर खोड फाटून उसळते, किंवा मुळांचा गड्डा अचानक उभा राहतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना रस्ते मोकळे करण्यासाठी दिवसभर करवती चालवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’च्या वाऱ्यांनी मुंबई-ठाण्यात तीच वेळ आणली. ठाण्यात अशा रात्री आपल्याच अग्निशमन दलाचे आणि आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे कर्मचारी भर पावसात झाडावर चढतात. त्यांचे धैर्य वादातीत आहे. तथापि त्यांना आणि उद्यान विभागाच्या टोळ्यांना झाडाविषयीचे एकच शिक्षण एकत्र मिळाले, तर दोघांचेही जीव अधिक सुरक्षित राहतील.

झाड तोडणाऱ्याने कोणती मर्यादा पाळावी, हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १७१५च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. त्यांचा आशय असा, की गलबतांसाठी सागासारखी लाकडे परवानगीने तोडून आणावीत. आंबे, फणस ही झाडेही कामाची असली, तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढवलेली असतात. आणि एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलेले असले, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, बळजोरी करू नये. ज्या आरमाराचा आरंभ १६५७मध्ये स्वराज्यात आलेल्या कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठी झाला असे मानले जाते, त्याच आरमारासाठी घालून दिलेली ही शिस्त आहे. म्हणजे ठाणे-कल्याण पट्ट्याच्या दृष्टीने ती घरचीच. त्याही आधी, सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जाणाऱ्याने झाडाची पूजा करून त्यावर वसणाऱ्यांना अन्यत्र जाण्याची विनंती करावी, असा विधी सांगितलेला आहे. विधीवर कोणाचा विश्वास असो वा नसो, घाव घालण्यापूर्वी थांबण्याची आणि त्या झाडावर आणखी कोण जगते हे आठवण्याची सवय त्यात आहे.

तथापि, तोडणाऱ्याची मर्यादा सांगणाऱ्या या परंपरेत तोडणाऱ्याचा मान मात्र क्वचितच आढळतो, आणि ठाणे जिल्ह्याचा इतिहास याची साक्ष देतो. आज पालघरमध्ये गेलेल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतील वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांनी जंगल कंत्राटदारांसाठी पिढ्यान्‌पिढ्या झाडे तोडली, ओंडके ओढले, कोळशाच्या भट्ट्या लावल्या; खैराच्या लाकडापासून कात काढण्याचे काम कातकऱ्यांचे. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात या लोकांच्या पिळवणुकीची आणि वेठीची नोंद आहे. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळा येथे, म्हणजे कल्याणच्या दारात, किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. त्या लढ्यात गवत कापणीच्या दराबरोबरच जंगलातील तोडीसाठी दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी मिळावी ही मागणी होती, आणि १९४६च्या संपात लाकूड व्यापाऱ्यांना ती मान्य करावी लागली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु तो वेठीचा आणि जमिनीचा इतिहास म्हणून वाचला जातो, झाड तोडणाऱ्याच्या श्रमाचे मोल ठरवणारा म्हणून फारसा नाही.

त्याच काळात, १९४७पासून, मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या आणि ठाणे जिल्हा त्यात पुढे होता. वनविभाग तोडीसाठी जंगलाचा जो तुकडा आखून देई, त्याला कूप म्हणत. हे कूप कंत्राटदाराऐवजी आदिवासींच्या संस्थेने घ्यावेत आणि नफा तोडणाऱ्यांतच वाटला जावा, अशी ती कल्पना होती. या संस्थांत पुढे दोष शिरले, जंगलतोडीवर निर्बंध आले आणि कूपांचे काम आटले. पण कल्पना पराभूत झाली असे म्हणता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि कोणता बांबू तोडायचा, कोणता राखायचा, मजुरी किती द्यायची, हे तोडणारेच सर्वसहमतीने ठरवू लागले. तोडीचा नियम आणि तोडणाऱ्याचा मान हे एकाच बैठकीत ठरू शकतात, हे तिथे दिसते.

शहरात यातले काय आणता येईल, याचीही उदाहरणे दूर नाहीत. केंद्राच्या नारळ विकास मंडळाने २०११मध्ये नारळावर चढणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची योजना सुरू केली. प्रशिक्षणार्थींना चढण्याचे साधन दिले, रोगाची लक्षणे ओळखायला शिकवले आणि त्यांच्यासाठी अपघात विम्याची सोय केली. हलके समजले जाणारे काम त्यामुळे शिकून करण्याचे काम ठरले. परदेशात १९२४मध्ये स्थापन झालेली वृक्षसंवर्धकांची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते आणि झाडावर चढण्याच्या स्पर्धाही भरवते. त्या स्पर्धांत वेगाला गुण आहेत, पण एक फेरी अशी असते की झाडावर जखमी होऊन लटकलेल्या सहकाऱ्याला (तिथे पुतळा वापरतात) सुखरूप खाली आणायचे असते. चढणाऱ्याचे कौशल्य दुसऱ्याचा जीव वाचवता येण्यावरही मोजणारी ही दृष्टी ठाण्याच्या छाटणीत आली, तर पुष्कळ काही बदलेल.

नागरिकांच्या वृत्तीविषयीही येथे लिहिणे भाग आहे, कारण हे पत्र खुले आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडांची तोड रात्री सुरू झाली, तेव्हा मुंबई-ठाण्यातील असंख्य लोकांना जे दुःख झाले ते खरे आणि योग्य होते. पण ज्यांनी त्या रात्री करवती चालवल्या, त्यांनी तो निर्णय घेतलेला नव्हता, आणि झाडासाठी लढणाऱ्याचा राग रोजंदारीवरच्या माणसावर निघतो तेव्हा निर्णय घेणारा त्यातून सुटतो. पाणलोटाच्या गावांत कुऱ्हाडबंदी हे सूत्र उपयोगी पडले, हिवरे बाजारसारख्या गावांनी ते करून दाखवले. शहरातील झाड मात्र माणसाच्या इतके जवळ जगते की त्याला अधूनमधून जाणत्या हाताने कापावेच लागते. झाडांसाठी धावणारे कार्यकर्ते आणि झाडे कापणारे कामगार यांनी एकमेकांना विरोधक मानणे दोघांच्याही तोट्याचे आहे. खोडाच्या आतली कूज कामगाराला कळते, आणि ती कायद्याच्या भाषेत मांडणे कार्यकर्त्याला जमते.

म्हणून आपल्याकडे मागणी अशी, की वृक्ष प्राधिकरणाने छाटणीच्या पुढील कंत्राटांत मोबदल्याचे मोजमाप बदलावे. कापलेल्या फांद्यांची संख्या किंवा भरलेल्या गाड्या हे माप जिथे असेल, तिथे जास्त कापणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि थोडक्यात काम साधणारा जाणता माणूस तोट्यात जातो. त्याऐवजी झाडागणिक आधी ठरवलेले काम आणि वर्षभराने त्याच झाडाची पुन्हा पाहणी, हे माप असावे. प्रत्येक टोळीत निदान एक प्रशिक्षित माणूस असावा आणि परवानगीच्या कागदावर ठेकेदाराबरोबर त्याचेही नाव यावे, जेणेकरून चांगल्या कामाचे श्रेय आणि वाईट कामाचा जाब दोन्ही योग्य माणसाकडे जातील. हे प्रशिक्षण उद्यान विभाग, अग्निशमन दल, महावितरणचे तारेवरचे कर्मचारी आणि खासगी टोळ्या यांना एकत्र मिळावे, आणि त्यात शिकवणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर अनेक हंगाम झाडावर घालवलेले कामगारही असावेत. येऊरच्या पाड्यांपासून शहापूरपर्यंत असे जाणते आजही सापडतील. शिरस्त्राण, सुरक्षापट्टा, दोर आणि विमा यांवाचून कोणालाही झाडावर चढवू नये, ही अट कंत्राटात असून भागणार नाही. ती पाळली गेली की नाही हे काम सुरू होण्यापूर्वी पाहणारा माणूस जागेवर हवा.

यांतील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अवघड मागणी शेवटी ठेवली आहे. टोळीतील कोणीही, चढणारा असो वा फांद्या ओढणारा, ‘हे झाड आज नको’ असे म्हणाला, तर काम थांबवून उद्यान निरीक्षकाने येऊन पाहावे, थांबलेल्या दिवसाची मजुरी त्या टोळीस मिळावी, आणि असे थांबणे ठेकेदाराच्या नावावर दंड म्हणून पडू नये, असे एक कलम निविदेत घालता येते. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागणार नाही. येत्या छाटणीच्या निविदा निघण्यापूर्वी खोपट परिसरापुरते तरी ते घालून पाहावे, आणि एका पावसाळ्यानंतर कोणती झाडे पडली, कोणती टिकली आणि किती वेळा काम थांबवले गेले, याची नोंद प्राधिकरणाच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवावी, ही विनंती.

कळावे.

खोपट, ठाणे (पश्चिम) येथील एक रहिवासी